सा नसलेली भैरवी

पेटीवर पांढरी एकची, म्हणजे सी या पट्टीला सा मानून, भैरवी धरा. सा, कोमल रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नी. आता त्यातला सा काढा आणि त्याच्या जागी शेजारचा शुद्ध नी घ्या. बाकी काही हलवू नका. हातात जे सात सूर उरले, त्यांना जॅझ वाजवणारे ‘जी ऑल्टर्ड’ म्हणतात.

जॅझच्या धड्यांत ही गोष्ट वेगळ्या वाटेनं येते. आधी डॉमिनंट सेव्हन्थ, मग फ्लॅट नाइन, शार्प नाइन, फ्लॅट फाइव्ह, शार्प फाइव्ह अशी आकड्यांची रांग, आणि शेवटी ‘ए फ्लॅट मेलडिक मायनरचा सातवा मोड’. सगळं बरोबर आहे. पण परभणीसारख्या गावात, जिथं पेटी म्हणजे हरिपाठ, काकडा आणि सप्त्यातलं भजन, तिथं वाढलेल्या माणसाला या आकड्यांतून ऐकू काहीच येत नाही. भैरवी मात्र बोटांत असते. भजन कितीही रंगलं तरी शेवट भैरवीनंच व्हायचा, त्यामुळं ज्याला धड चार राग येत नाहीत त्यालाही भैरवी येते.

तर आधी साधी डॉमिनंट. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर. पांढरी एकला सा धरला की पंचमावर उभी राहणारी कॉर्ड म्हणजे प, नी, रे, म. इंग्रजी नावांनी जी, बी, डी, एफ. हिच्यात पंचमानं पाया दिला की पुढचं काम दोघांचंच, नी आणि म यांचं. त्यांच्यात सहा अर्धस्वरांचं अंतर आहे, म्हणजे सप्तकाचे बरोबर दोन तुकडे, आणि हे अंतर कानाला स्वस्थ बसू देत नाही. निषादाला वर षड्जाकडे सरकायचं असतं, मध्यमाला खाली गांधाराकडे. दोघं सरकले की सी मेजर आलं, गाणं टेकलं.

उरलेले दोन, म्हणजे रे आणि वर नवव्या जागी येणारा ध, हे भरीचे. ते गाळले तरी कॉर्ड ओळखू येते. ऑल्टर्डची सगळी करामत या भरीच्या सुरांवर चालते. रे अर्धा सूर खाली ढकलला की कोमल रे, वर ढकलला की कोमल ग. ध खाली ढकलला की कोमल ध, वर ढकलला की कोमल नी. संपलं. प, नी, म जिथल्या तिथं राहिले. रे आणि ध मात्र मूळ जागा सोडून दोन-दोन वाटांनी फुटले. तीन आणि चार सात. धड्यातले ते चार भीतीदायक आकडे हेच.

आणि या सातांत सा नाही. शुद्ध ग सुद्धा नाही. म्हणजे नी आणि म यांना जिथं जाऊन टेकायचंय, नेमके तेच दोन सूर आधी लपवून ठेवलेले.

आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे एक आबा आहेत. एकदा चाल बसवायला घरी आले, तेव्हा मी पियानोवर बसले होते. (पियानो म्हणजे डिजिटल, खऱ्या पियानोला आमच्या घराचा जिनाही पुरला नसता.) डाव्या हातानं खाली जी दाबला, उजव्यानं एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट लावले आणि पेडल दाबून तसंच वाजत ठेवलं. आबा खाली सतरंजीवर बसून पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक थापत होते. त्यांचा हात थांबला.

“काय वाजवायलीस माय हे?”

“एक कॉर्ड आहे आबा. वाईट वाटायली का?”

“वाईट न्हाई. पण आता सा दे की! किती येळ टांगून ठिवायलीस?”

मी सी मेजर दिली. “हां,” म्हणाले आणि परत कणीक थापायला लागले.

आबांनी जॅझ कधी ऐकलेला नाही. पण ऑल्टर्ड डॉमिनंटचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्या धड्यात मिळालेलं नाही. बेसूर आहे असं ते म्हणाले नाहीत, चुकलीस असंही म्हणाले नाहीत. त्यांना फक्त काय कमी आहे ते कळलं. मला वाटतं, आपल्याकडचा कान इथं जॅझ शिकणाऱ्या कुठल्याही परदेशी पोरापेक्षा पुढं असतो. आपण वाढलोच मुळी न थांबणाऱ्या षड्जाखाली. पूर्वी तंबोरा होता, आता मोबाईलवरचं तानपुऱ्याचं ॲप आहे, आणि काहीच नसलं तर पेटीवाला करंगळीनं सा दाबून ठेवतोच. प्रत्येक सूर आपण त्या साच्या तुलनेत मोजतो. त्यामुळं सा गेला की लगेच कळतं.

अडचण पण तिथंच आहे. कळतं म्हणून हात लगेच सा द्यायला धावतो. जॅझमध्ये एक अख्खं आवर्तन, चार मात्रांचं का होईना, साशिवाय उभं राहायचं असतं. तेही घाबरत घाबरत नाही, मजेत. कोमल रे दाबलाय, कोमल ग दाबलाय, आणि कानाला आठवणीतला सा ऐकू येतोय, प्रत्यक्ष वाजत नाही. हे जमायला मला सूर शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आता तो सातवा मोड. ए फ्लॅट म्हणजे आपली काळी चार. काळी चारला सा धरून पटदीपाचे सूर लावा: सा, रे, कोमल ग, म, प, ध, शुद्ध नी. या पटदीपाचा निषाद म्हणजे पांढरी पाच, अर्थात जी. त्या निषादापासून निषादापर्यंत वाजवलं की परत तेच जी ऑल्टर्ड. भैरवीच्या वाटेनं गेलात तरी तिथंच, पटदीपाच्या वाटेनं गेलात तरी तिथंच. रागाचा विचार केला तर हे पटदीप नव्हे, कारण पटदीपाची चाल, आरोहात रे-ध वगळणं, ते निषादावरचं थांबणं, यातलं इथं काही नाही. सूरच फक्त उसने घेतले.

एका स्वरसमूहात सुरुवातीची जागा बदलून नवा क्रम काढणं, याला आपल्याकडं मूर्च्छना म्हणतात, आणि तिचं सविस्तर विवेचन करणारा ग्रंथ लिहिला गेला तो मराठवाड्यातच. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवानं देवगिरीला ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आले, आणि नातू राजाचा हिशेबनीस झाला. दिवसा जमाखर्च बघणाऱ्या माणसानं संगीतावर सात अध्याय लिहावेत, हे मला शार्ङ्गदेवाबद्दल सगळ्यात आवडतं. त्याच्या पहिल्या अध्यायात मूर्च्छना येतात, आणि षड्जग्राम या जुन्या मूळ स्वरसमूहातल्या निषादापासून सुरू होणाऱ्या मूर्च्छनेचं नाव आहे रजनी. तिचे सूर आणि आपल्या या ऑल्टर्डचे सूर वेगळे, ग्रामाचा हिशेब वेगळा. ओढूनताणून नातं जोडण्यात अर्थ नाही. पण छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना देवगिरीचा किल्ला दिसला की, निषादापासून वाजवून बघायची कल्पना या मातीत जुनीच आहे, एवढं मनात येऊन जातंच.

इथपर्यंतचं सगळं डोक्याचं काम. खरी गंमत डाव्या हाताची आहे, आणि पेटीवाल्यांसाठी ती जरा क्रूर आहे.

पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. वर्षानुवर्षं तो फक्त हवा भरतो. कुठं दाब वाढवायचा, कुठं सोडायचा, गाणाऱ्याचा श्वास कुठं संपतो, हे सगळं त्याला कळतं, पण पट्टी कशी असते हे त्या बोटांना ठाऊक नसतं. आणि जॅझमध्ये कॉर्ड असते डाव्या हातात. उजवा मोकळा, चालीसाठी. १९५० च्या दशकात बिल एव्हान्स, रेड गार्लंड, विंटन केली यांच्यासारख्या पियानोवाद्यांनी डाव्या हातातून मूळ सूर, म्हणजे रूट, काढून टाकायची रीत रुळवली. रूट बास वाजवणारा देतो, पियानोवाल्यानं उरलेले रंगाचे सूर द्यायचे.

त्या रीतीनं तीन कॉर्डची साखळी अशी होते. पहिली डी मायनर नाइन: एफ, ए, सी, ई. करंगळी एफवर, अंगठा ईवर, आणि सगळा पंजा मधल्या सीच्या आसपास. दुसरी जी ऑल्टर्ड: एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट. तिसरी सी मेजर नाइन: ई, जी, बी, डी. हे सरगममध्ये लिहून बघा म्हणजे काय चाललंय ते दिसेल. म ध सा ग. मग म, कोमल ध, नी, कोमल ग. मग ग प नी रे.

अंगठ्याकडे बघा. ग, कोमल ग, रे. मधल्या बोटाकडे बघा. ध, कोमल ध, प. दोन समांतर उतार, अर्ध्या-अर्ध्या सुरानं. तर्जनी सा सोडून नीवर येते ती तिथंच बसून राहते. करंगळी दोन कॉर्ड हलत नाही आणि शेवटी एक पायरी उतरते. पंजा जवळपास जागेवरच असतो आणि आत चार गळे चार चाली गात असतात. ऑल्टर्ड कॉर्डमधला कोमल ग तिखटपणासाठी टाकलेला मसाला नाही. तो शुद्ध ग आणि रे यांच्या मधली पायरी आहे. पायरीवर थांबलं की ती विचित्र वाटते, चढता-उतरताना वाटत नाही.

म्हणून माझं मत असं की ऑल्टर्ड स्केल आधी पाठ करूच नये. बहुतेक जण तिथूनच सुरू करतात, सात सूर वर-खाली पळवतात, आणि मग गाण्यात ते कुठं घालायचे हे कळत नाही म्हणून सोडून देतात. आधी ही साखळी वाजवावी आणि अंगठ्याची ओळ तोंडानं गावी. ग… कोमल ग… रे. नुसतं वाजवून भागत नाही, गायलाच हवं. गायला लागलं की कोमल गच्या जागी गळा आपोआप जरा जड होतो, खाली झुकतो. मग मधल्या बोटाची ओळ गावी. दोन्ही ओळी गळ्यात बसल्या की स्केल वेगळं शिकायला फारसं उरत नाही.

सुरुवातीला मी डाव्या हातानं नुसते रूट दिले, डी, जी, सी, आणि साखळी उजव्या हातात ठेवली. रूटशिवाय ही दुसरी कॉर्ड अगदी गोड लागते, कारण एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट हे चार सूर म्हणजे काळी चारच्या पटदीपातले ध, सा, कोमल ग, प. त्यात टोचण्यासारखं काही नाही. खाली जी आला की मग चेहरा पालटतो. घरी भाचा आला की त्याला पांढरी पाच दाबून धरायला बसवते. वरचे चार सूर तेच, पण तो बोट काढतो तेव्हा एक कॉर्ड, ठेवतो तेव्हा दुसरी. त्याला हा खेळ फार आवडतो आणि मला फुकटात बासवाला मिळतो.

त्याच खेळात जीच्या ऐवजी डी फ्लॅट, म्हणजे काळी एक, दाबायला सांगितली तर? वरची चार बोटं तशीच. एफ झाला डी फ्लॅटचा तिसरा, ए फ्लॅट पाचवा, बी सातवा, ई फ्लॅट नववा. शुद्ध, साधीसुधी डी फ्लॅट नाइन. एकाच मुठीत दोन कॉर्ड, आणि त्यांच्या रूटमध्ये परत तेच सहा अर्धस्वरांचं अंतर. जॅझवाले याला ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात. अभ्यासाच्या दृष्टीनं याचा फायदा असा की बारा पट्ट्यांतल्या साध्या नाइन्थ ज्याच्या हातात आहेत, त्याच्या हातात बाराही ऑल्टर्ड आल्याच. फक्त खालचा सूर बदलून त्या ओळखायला शिकायचं.

हे होतं ते समान अंतरांवर लावलेल्या सुरांमुळं. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ या काळात पेटीवर बंदी घातली होती. पेटीचे सूर बांधलेले, मींड म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं निघत नाही, श्रुती म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा सापडत नाहीत, असे आक्षेप तेव्हा होते, आणि गाण्याच्या बाजूनं बघितलं तर ते खोटे नाहीत. पण बी आणि सी फ्लॅट ही एकच पट्टी असणं, एकाच मुठीला दोन मालक मिळणं, हे त्या बांधलेपणाच्याच जिवावर. पेटीचा दोष पियानोवर येऊन भांडवल होतो.

लाइट गेली की डिजिटल पियानो मुका होतो, आणि उन्हाळ्यात आमच्याकडं लाइट जाण्याला वेळकाळ नाही. मग पेटी काढते. ऑल्टर्डसाठी पेटी वाईट नाही, उलट एका बाबतीत कडक मास्तर आहे. पियानोचा सूर वाजल्यापासून विरायला लागतो, त्यामुळं टक्कर झाली तरी ती क्षणात मऊ पडते. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर तसाच्या तसा. शुद्ध नी आणि कोमल नी एकत्र घ्यायचे असतील, म्हणजे शार्प नाइन हवी असेल, तर पेटीवर कळतं की शुद्ध नी खाली आणि कोमल नी वर हीच मांडणी का करतात. अंतर अकरा अर्धस्वरांचं, करकरीत पण ऐकवणारं. उलटं करून कोमल नी खाली आणि शुद्ध नी वरच्या सप्तकात घेतला की तेरा अर्धस्वर होतात आणि भाता थांबवावासा वाटतो. पियानोवर हा फरक पेडलखाली झाकला जातो.

आपल्या भागात जॅझ कधी आलाच नाही असं म्हणायला मी तयार नाही. मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकापासून जॅझ वाजत होता, १९७८ मध्ये मुंबईतच जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, आणि हॉटेलांत वाजवणारे गोव्याचे कितीतरी वादक दिवसा हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसायचे. तेव्हा रेडिओच्या मार्गानं या कॉर्ड जिंतूर-सेलूपर्यंत पोचलेल्या आहेत, नाव न सांगता.

आता एक मत, ज्यावरून माझे वाद होतात. अभंगाखाली जॅझच्या कॉर्ड घातलेले व्हिडिओ हल्ली पुष्कळ येतात आणि लोक मला हौसेनं पाठवतात. मेजर सेव्हन्थ, मायनर नाइन्थ, तिथंवर ठीक. पण ऑल्टर्ड तिथं चालत नाही, आणि कारण भाविकपणाचं नाही, सुरांचं आहे. अभंगात तानपुरा चालू असतो, टाळांचा घोष चालू असतो, सा एक क्षणही जात नाही. ज्या कॉर्डचा सगळा जीव सा लपवण्यात आहे, ती सतत वाजणाऱ्या साखाली घातली तर लपवायचं काय? खालून सा, वरून शुद्ध नी आणि कोमल रे, दोन्ही बाजूंनी त्याला खेटून. ताण निर्माण होत नाही, नुसती गर्दी होते. ऑल्टर्ड घ्यायची असेल तर तेवढ्या मात्रांपुरता तानपुरा बंद करायची हिंमत हवी, आणि भजनात ती करू नये असं मला वाटतं.

दुसरी अट चालीची. डॉमिनंटच्या जागी गाणारा रेवर किंवा शुद्ध गवर थांबला असेल तर ऑल्टर्डला हात लावायचा नाही. त्याचा शुद्ध ग आणि तुमचा कोमल ग एकाच वेळी वाजले की चूक तुमचीच ठरणार, सिद्धांत काहीही म्हणो. चाल प, म किंवा नीवर असेल तर रान मोकळं.

बारा पट्ट्यांचा लोकांना धाक वाटतो. भजनातल्या पेटीवाल्याला वाटू नये. आज काळी एक, उद्या पांढरी चार, गाणाऱ्याचा गळा बसला तर अर्ध्या अभंगात एक पट्टी खाली, हे आम्ही करतच आलो. उजव्या हाताची ती सवय डाव्यात उतरायला वेळ लागतो एवढंच. रोज एकच पट्टी घ्यायची, तीन कॉर्डची साखळी सावकाश, मग तीच पट्टी दिवसभर डोक्यात ठेवायची. शाळेतून येताना रिक्षात मी मांडीवर बोटं चालवते. शेजारी बसलेल्या बायकांना वाटतं, हिला काहीतरी झालंय.

सध्या मायनरवर काम चालू आहे. तिथं हिशेब बदलतो, कारण सी मायनरमध्ये कोमल ग हा मुक्कामाचाच सूर, त्याला उतरून रेवर जायची गरज नाही. म, कोमल ध, नी, कोमल ग यावरून प, ध, सा, कोमल ग. अंगठा जागेवर, बाकी तीन बोटं वर. मेजरमध्ये उताराची सवय लागलेल्या हाताला हे चढण अवघड जातं, आणि काळी एकवर तर फारच: एफ शार्प, ए, सी, ई वरून जी शार्प, ए शार्प, सी शार्प, ई. अंगठा पांढऱ्या ईवर, बाकी तिन्ही बोटं एकदम काळ्या पट्ट्यांवर चढायची, आणि करंगळी दरवेळी जरा उशिरा पोचते.